सहा टायर, एक तास

गाडी घेताना आपण काय विचारतो? इंजिन किती सीसीचं, पॉवर किती, शून्य ते शंभर किती सेकंदांत, आणि पैसे घरून येणार असतील तर अ‍ॅव्हरेज किती. टायर कुठले आहेत आणि किती जुने आहेत, हे विचारणारा प्राणी मला हॉस्टेलवर तीन वर्षांत भेटलेला नाही. टायर म्हणजे गाडीबरोबर येणारी वस्तू. गुळगुळीत झाले की बदलायचे, आणि बदलताना दुकानदार जो स्वस्त दाखवेल तो घालायचा, अशी आपली सर्वसाधारण रीत. स्पोर्ट्स कारवाल्यांचंही फार वेगळं नसतं. सायलेन्सरवर पगार उडवतील, पण टायरचा विषय निघाला की घासाघीस सुरू!

म्हणून या अंकात मी अशा एका माणसाबद्दल लिहायचं ठरवलं, ज्याच्या आयुष्यातला जवळजवळ प्रत्येक महत्त्वाचा दिवस टायरने ठरवला. त्याचं नाव माल्कम कॅम्पबेल. जमिनीवरच्या वेगाचा जागतिक विक्रम या इंग्रजाने एकदा नाही, दोनदा नाही, तब्बल नऊ वेळा केला. ताशी ३०० मैलांची रेषा गाडी चालवत ओलांडणारा तो जगातला पहिला माणूस. त्याच्या इंजिनांविषयी भरपूर लिहिलं गेलंय, त्यामुळे ते मी आटोपतं घेणार आहे. मला रस आहे तो इंजिनाच्या आणि जमिनीच्या मधल्या त्या काळ्या रबरात. त्याला एक घरगुती कारणही आहे, ते मध्येच कुठेतरी सांगेन.

कॅम्पबेलचा जन्म ११ मार्च १८८५ चा, इंग्लंडमधल्या केंट परगण्यातला. वडील लंडनचे हिऱ्यांचे व्यापारी. पोराने गादी चालवावी म्हणून त्यांनी त्याला धंदा शिकायला जर्मनीला पाठवलं. पोरगा हिऱ्यांऐवजी सायकल आणि मोटरसायकलच्या नादी लागून परत आला. मग त्याला लॉइड्स या विम्याच्या बाजारात चिकटवण्यात आलं. तिथे मात्र त्याचं डोकं चाललं. बदनामीच्या खटल्यांपासून संरक्षण देणारा विमा त्याने वर्तमानपत्रांना विकला आणि तरुण वयातच बऱ्यापैकी पैसा केला. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे त्याच्या वागण्यात ती सारखी दिसते. हा माणूस धोका पत्करणारा होता, पण धोक्याची किंमत आधी कागदावर मांडणारा होता. आपल्याकडे धाडसी म्हटलं की बेफिकीर असं समीकरण डोक्यात बसलेलं असतं. कॅम्पबेल त्यात बसत नाही. तो प्रचंड अंधश्रद्धाळू होता, हा भाग वेगळा.

१९१२ मध्ये त्याने लंडनमध्ये मेटरलिंकचं ‘ब्लू बर्ड’ हे नाटक पाहिलं आणि आपली रेसची गाडी निळ्या रंगात रंगवून तिला तेच नाव दिलं. पुढे त्याच्या सगळ्या गाड्या निळ्या आणि सगळ्यांचं नाव एकच. त्याच वर्षी ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर शेवटच्या टप्प्यात या गाडीची एका बाजूची चाकं मोडली आणि गाडी तशीच घसरत शेवटची रेषा पार करून गेली. तो वाचला. चाकाशी त्याची पहिली मोठी ओळख झाली ती अशी.

पहिल्या महायुद्धात तो आधी मोटरसायकलवरून निरोप पोचवायचा, नंतर विमानं इकडून तिकडे नेऊ लागला. युद्ध संपलं आणि त्याला खरं वेड लागलं. त्याने सनबीम कंपनीची १८ लिटरची, ३५० अश्वशक्तीची, विमानाच्या धाटणीचं इंजिन असलेली गाडी मिळवली. १९२३ मध्ये डेन्मार्कच्या फानो बेटावर, समुद्रकाठच्या वाळूत, तिने ताशी १३७ मैलांचा वेग गाठला. पण वेळ मोजण्याचं यंत्र मान्यताप्राप्त नव्हतं, म्हणून विक्रम धरला गेला नाही. (सबमिशनची फाइल पूर्ण, पण सही नाही. आपल्याला हे दुःख नवीन नाही.)

१९२४ च्या ऑगस्टमध्ये तो पुन्हा फानोला गेला. प्रेक्षक वाळूवर गाडीच्या वाटेला अगदी लागून उभे होते. ही व्यवस्था धोक्याची आहे, हे त्याने आयोजकांना सांगितलं होतं. गाडी वेगात असताना पुढच्या चाकाचा टायर रिमवरून सुटला आणि गर्दीत घुसला. एका लहान मुलाला तो लागला आणि तो मुलगा गेला.

इथे मी थोडा थांबणार आहे. विक्रमांच्या याद्यांमध्ये १९२४ समोर फानोचा उल्लेख नसतो. तिथे सापडतं ते २५ सप्टेंबर १९२४, वेल्समधला पेंडाइनचा किनारा, ताशी १४६.१६ मैल, कॅम्पबेलचा पहिला अधिकृत विक्रम. म्हणजे मुलाच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांतच तो त्याच गाडीत बसून पुन्हा धावला. हे मला आजही पचत नाही. पण एक गोष्ट खरी, की टायर फुटला किंवा सुटला तर मरणारा माणूस दर वेळी स्टिअरिंगच्या मागे बसलेला नसतो. समृद्धी महामार्ग सुरू झाल्यावर २०२३ मध्ये आरटीओने गाड्यांचे टायर तपासायला आणि झिजलेले टायर असलेल्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली, तेव्हा आमच्या मेसमध्ये पुष्कळांनी कुरकुर केली होती. टायर माझा, गाडी माझी, मग यांचं काय जातं, असा एकूण सूर होता. त्या टेबलावर फानोची गोष्ट सांगायला हवी होती असं मला वाटतं.

आता थोडं टीओएम. घाबरू नका, एकच फॉर्म्युला आहे आणि तो बारावीचा आहे. फिरत्या वस्तूच्या कडेवरच्या कणाला आत ओढून धरायला लागणारं त्वरण म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या. वेग ताशी ३०० मैल, म्हणजे सेकंदाला साधारण १३४ मीटर. चाकाची त्रिज्या अर्धा मीटर धरा. उत्तर येतं ३६,००० च्या आसपास, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ३,७०० पट. टायरच्या बाहेरच्या थरातलं एक ग्रॅम रबर बाहेर निसटण्यासाठी पावणेचार किलो वजनाच्या ताकदीने खेचत असतं. एक ग्रॅम! आणि चाक सेकंदाला बेचाळीस फेऱ्या घेत असतं. वर्ग असल्यामुळे वेग दुप्पट झाला की ही ओढ चौपट होते. त्यामुळे जाड, भरपूर नक्षीचा, मजबूत दिसणारा टायर इथे चालतच नाही. जेवढं रबर जास्त, तेवढं ते उडून जाण्याची घाई जास्त. कॅम्पबेलसाठी डनलॉप कंपनी जे टायर बनवायची, त्यांच्यावरचा रबराचा थर म्हणूनच कागदासारखा पातळ असायचा, आणि आत हवेचा दाब दर चौरस इंचाला १०० पौंडांपेक्षा जास्त. आपल्या गाडीत तो तीस-पस्तीस असतो.

दाब इतका का? कारण टायर जमिनीला टेकतो तिथे चपटा होतो आणि सुटला की पुन्हा गोल होतो. दर फेरीला एकदा. रबर आणि आतलं कापड असं सारखं वाकत राहिलं की तापतं. हवा कमी असेल तर जास्त वाकतं, जास्त तापतं. वेग एका मर्यादेपलीकडे गेला की चपटा झालेला भाग पूर्ण गोल व्हायच्या आत पुढची फेरी येते आणि टायरच्या अंगावर लाट उभी राहते. मग तो मिनिटा-दोन मिनिटांत स्वतःला फाडून टाकतो. या टायरचं पूर्ण वेगावरचं आयुष्य तासांत नाही, मोजक्या मिनिटांत धरलेलं असायचं. म्हणजे टायर झिजला की बदलायचा, हा हिशेबच नव्हता. एकदा धावला की बदलायचा.

१९२५ मध्ये कॅम्पबेलने त्याच पेंडाइनवर १५० मैलांचा टप्पा ओलांडला. पण आता स्पर्धा सुरू झाली होती. वेल्सचा पॅरी-थॉमस हा जातिवंत इंजिनिअर, लेलँड मोटर्सचा माजी मुख्य अभियंता. त्याने १९२६ मध्ये ‘बॅब्स’ नावाच्या गाडीतून १७१ मैल गाठले. ४ फेब्रुवारी १९२७ ला कॅम्पबेलने नेपियर इंजिनाच्या नव्या ब्लू बर्डमधून १७४.८८ केले. तो विक्रम परत मिळवायला पॅरी-थॉमस ३ मार्चला पेंडाइनवर उतरला आणि तिथेच मरण पावला. गाडी त्याच वाळूत पुरून टाकली. कित्येक वर्षं सगळे म्हणत होते की इंजिनाकडून चाकाकडे जाणारी साखळी तुटली म्हणून अपघात झाला. १९६९ मध्ये वेल्समधल्याच अभियांत्रिकीच्या एका प्राध्यापकाने ती गाडी वाळूतून उकरून काढली आणि कित्येक वर्षं खपून पुन्हा चालती केली. तेव्हा जी तपासणी झाली त्यात संशय साखळीवरून उजव्या मागच्या चाकाकडे वळला. (आमच्या सरांनी अशी एखादी गाडी उकरून आणली तर व्हायव्हाला जायला आम्ही रांग लावू.)

त्याच महिन्याच्या अखेरीस सीग्रेव्ह या दुसऱ्या इंग्रजाने अमेरिकेत डेटोनाच्या किनाऱ्यावर २०० ची रेषा ओलांडली. कॅम्पबेल लगोलग डेटोनाला गेला आणि १९ फेब्रुवारी १९२८ ला २०६.९५६ करून आला. दोन महिन्यांनी त्याच वाळूवर फ्रँक लॉकहार्ट हा पंचविशीतला अमेरिकन पोरगा उतरला. त्याची गाडी म्हणजे डिझाइनची कमाल होती. बाकीचे सगळे विमानाची अवजड इंजिनं लावून पळत असताना याचं इंजिन होतं फक्त तीन लिटरचं, आणि सगळी मदार हवेचा विरोध कमी करण्यावर. २५ एप्रिलला मागचा टायर फुटला. गाडी कोलांट्या खात गेली, लॉकहार्ट बाहेर फेकला गेला आणि जागीच गेला. त्या काळातला सगळ्यात हुशार आराखडा एका टायरने संपवला. मेकॅनिकलच्या पोरांनी ही गोष्ट जपून ठेवावी असं मला वाटतं, कारण आपणही आराखड्याच्या प्रेमात पडतो आणि बाजारातून विकत आणायच्या वस्तूंकडे शेवटच्या आठवड्यात बघतो.

१९२९ मध्ये कॅम्पबेलने समुद्रकिनारे सोडून दक्षिण आफ्रिकेतलं व्हर्न्यूकपान नावाचं कोरडं तळं शोधून काढलं. लांबच लांब सपाट जमीन, भरती-ओहोटीची कटकट नाही. नकाशावर उत्तम. प्रत्यक्षात जमिनीवर धारदार दगडांचा सडा होता. मजुरांकडून दगड वेचून वाट करून घ्यावी लागली, तरीही पृष्ठभाग टायर सोलून काढत होता. शिवाय जागा उंचावर, हवा विरळ, त्यामुळे इंजिनाची ताकदही कमी पडायची. ही तयारी चालू असतानाच मार्चमध्ये सीग्रेव्हने डेटोनाला २३१ मैल केल्याची बातमी आली. तो आकडा काही या जमिनीवर गाठता आला नाही. लांब पल्ल्याचे, पाच मैल आणि पाच किलोमीटरचे विक्रम मात्र कॅम्पबेलने तिथे नोंदवले आणि तो घरी परतला. टायर निवडताना आपण रस्ता निवडत नाही, पण रस्ता टायर निवडतो, हे त्याला तिथे चांगलंच कळलं असणार. त्याच्या पुढच्या सगळ्या पत्रव्यवहारापेक्षा पुढच्या जागांची निवड जास्त बोलकी आहे. तो मुकाट्याने डेटोनाच्या ओल्या, थंड वाळूकडे परत गेला. ती वाळू उंचसखल होती, गाडीला हिसके द्यायची, पण टायरला तापवायची कमी.

सीग्रेव्ह १९३० मध्ये विंडरमीर तलावात वेगाच्या बोटीच्या अपघातात गेला आणि मैदान कॅम्पबेलला मोकळं झालं. ५ फेब्रुवारी १९३१ ला २४६.०९. या पराक्रमासाठी राजाने त्याला ‘सर’ केलं. १९३२ ला २५३.९७. मग इंजिन बदललं. विमानांच्या शर्यतीसाठी बनवलेलं, बारा सिलिंडरचं, ३६ लिटरच्या वरचं रोल्स-रॉइसचं ‘आर’ इंजिन ब्लू बर्डमध्ये बसवलं. ताकद दोन हजार अश्वशक्तीच्या बरीच वर. १९३३ ला वेग आला २७२.४६. ताकदीत एवढी उडी मारूनही वेग का वाढला एवढाच? कारण मागची चाकं जागच्या जागी जास्त फिरत होती. चाकांचा वेग एक, गाडीचा वेग दुसरा. इंजिन द्यायला तयार, टायर घ्यायला तयार नाही.

यावर रीड रेल्टन या डिझायनरने १९३५ च्या गाडीत मागे जोडचाकं लावली, आपल्या ट्रकला असतात तशी. म्हणजे पुढे दोन आणि मागे चार, एकूण सहा टायर. व्हायव्हामध्ये इथे कोणीतरी हुशारी दाखवणार, की घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून नसतं, मग जोडचाकांनी काय फरक पडला? तो नियम लाकडाच्या ठोकळ्यांसाठी बरा आहे. रबरावर भार वाढत गेला की त्याची पकड त्या प्रमाणात वाढत नाही, मागे पडत जाते. तोच भार दोनाऐवजी चार टायरवर वाटला की एकूण पकड वाढते. वाळूत रुतणं कमी होतं ते वेगळंच. तरीही ७ मार्च १९३५ ला डेटोनाला आकडा आला तो २७६.८२. एवढ्या खटाटोपानंतर चार मैलांची भर. डेटोनाची वाळू आता संपली होती.

आता ते घरगुती कारण. आमच्या टीमने स्पर्धेसाठी एक छोटी रेस कार बांधली आहे. तिच्यावर मागच्या बॅचने घेतलेले टायर आहेत. नक्षी उत्तम शिल्लक, फोटोत एकदम नवे दिसतात. या वर्षी पैसे दोघांपैकी एकालाच पुरणार आहेत, एक तर इंजिनाचं नवं इनटेक नाहीतर नवे टायर. इनटेकच्या बाजूने सात मतं, टायरच्या बाजूने मी आणि ड्रायव्हर. (ड्रायव्हर माझ्या बाजूला का, हे सांगायला नको.) माझं म्हणणं साधं आहे. रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं. गंधकाने बांधलेल्या त्याच्या साखळ्या उष्णता आणि ऑक्सिजनमुळे आणखी घट्ट होत जातात, रबर कडक होतं, आणि कडक रबर रस्त्याच्या बारीक खडबडीत शिरत नाही. लॅबमधला शोअर कडकपणा मोजायचा काटा टायरवर टेकवा, दोन मिनिटांत कळतं. नक्षी मोजून टायरचं वय कळत नाही.

हाच हिशेब कोणी जुनी स्पोर्ट्स कार घेऊन तिचे टायर बदलायला निघाला असेल त्यालाही लागू आहे, म्हणून मला जे उपयोगी पडलं ते सांगून ठेवतो. टायरच्या अंगावर उदाहरणार्थ १९५/५५ आर १६ ८७ व्ही असं छापलेलं असतं. १९५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ५५ म्हणजे उंची रुंदीच्या किती टक्के, १६ हा इंचातला रिम. आर म्हणजे रेडियल, रेसिंग नाही! ८७ हा भाराचा आकडा, म्हणजे एका टायरवर ५४५ किलो. आणि शेवटचं अक्षर वेगाचं. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर, व्ही म्हणजे २४०, डब्ल्यू २७०, वाय ३००. बदली टायर घेताना गाडी बनवणाऱ्याने सांगितलेल्या भाराच्या आणि वेगाच्या खाली जायचं नाही, आपण तेवढ्या वेगाने कधीच जाणार नसलो तरी. वेगाचं अक्षर हे खरं म्हणजे उष्णता सहन करण्याचं प्रमाणपत्र आहे. शिवाय एका लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. दुकानात नवा म्हणून मिळणारा टायर गोदामात चार उन्हाळे काढलेला असू शकतो, तेव्हा वाकून बघा, लाजू नका. दोनच घेणार असाल तर नवे मागे लावा, कारण ओल्या रस्त्यावर मागची बाजू निसटली तर ती सावरणं आपल्यासारख्यांच्या हातात नसतं. पुढे एक जात आणि मागे दुसरी, असलं मिश्रण करू नका. आणि रुंद टायर दिसतो भारी, पण पावसात त्याच भाराखाली रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगायला लागतो. तेवढंच सांगून परत कॅम्पबेलकडे जातो, कारण खरी परीक्षा अजून बाकी आहे.

डेटोना सोडून तो १९३५ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतच युटा राज्यातल्या बोनविलच्या मीठागरावर गेला. वाळलेल्या सरोवराच्या तळाचं कडक, पांढरं, सपाट मीठ, नजर पोचेल तिथपर्यंत. विक्रमाचा नियम असा, की मोजलेल्या मैलावरून एकदा इकडून आणि एकदा तिकडून जायचं, आणि दोन्ही फेऱ्या एका तासाच्या आत. वाऱ्याचा फायदा कोणालाच मिळू नये म्हणून. दोहोंची सरासरी धरतात. त्या एका तासात गाडी थांबवायची, वळवायची, इंधन-पाणी बघायचं आणि टायर बदलायचे. जवळपास पाच टनांची गाडी जॅकवर चढवून. कॅम्पबेलबरोबर वर्षानुवर्षं असलेला लिओ व्हिला हा मेकॅनिक आणि त्याची माणसं हे काम करायची. विक्रम ड्रायव्हरच्या नावावर लागतो, तो तास मात्र यांचा असतो.

३ सप्टेंबर १९३५. पहिल्या फेरीत हवेचा विरोध कमी करण्यासाठी त्याने रेडिएटरच्या तोंडाची झडप बंद केली. त्याबरोबर काचेवर तेलाचा थर आला आणि बसायच्या जागेत धूर भरला. समोरचं धड दिसत नव्हतं. तरी मैल पार झाला, ताशी ३०४ च्या वर. आणि गाडी आवरत असताना पुढचा डावा टायर फुटला. ३०० मैलांच्या आसपास, पुढचा टायर! लॉकहार्टचा मागचा फुटला होता, तो यापेक्षा शंभरएक मैल कमी वेगात. कॅम्पबेलने गाडी सरळ धरली. ती जागा लांब-रुंद होती, वाटेत कोणी माणूस उभा नव्हता, ना वाळूचा उंचवटा. फानो आणि बोनविल यांच्यामध्ये अकरा वर्षं होती आणि त्या वर्षांत त्याने जे काय शिकून घेतलं होतं त्यातलं बरंचसं या जागेच्या निवडीत होतं.

जिथे गाडी थांबली तिथून तासाचे काटे पळत होते. फुटलेल्या चाकासकट चाकं बदलली गेली. आता तुम्ही त्याच्या जागी बसून बघा. नुकताच ज्या प्रकारचा टायर फुटला, त्याच प्रकारचे, त्याच कारखान्यातले, तसेच पातळ टायर पुन्हा लावले आहेत. दुसरा पर्याय नाही, कारण जगात दुसरे कोणी बनवतच नाही असे टायर. आणि परत त्याच वेगाने उलट जायचं आहे. वय पन्नास. विक्रम तर आधीच त्याच्याच नावावर आहे, कोणी हिरावून घेतलेला नाही. थांबला असता तर कोणी नावं ठेवली नसती.

तो बसला आणि गेला. परतीची फेरी ३०० च्या किंचित खाली झाली. सरासरी जाहीर झाली २९९.८७५. थोडक्यात हुकलं! सगळा जीव टांगणीला लावून एक अष्टमांश मैल कमी. मग काही वेळाने वेळ मोजणाऱ्यांना हिशेबातली चूक सापडली आणि खरा आकडा आला ३०१.१२९ मैल, म्हणजे ताशी ४८४ किलोमीटरच्या वर. दोन आकड्यांतला फरक एका मैलाला सेकंदाच्या विसाव्या भागाइतका. पेपर रीचेकिंगला टाकून पास होणाऱ्यांनी हे उदाहरण घरी सांगायला हरकत नाही.

त्यानंतर कॅम्पबेलने गाडीतून विक्रमाचा प्रयत्न केला नाही. मला यातच त्याच्यातला विमावाला दिसतो. ज्या दिवशी हप्ता परवडेनासा झाला त्या दिवशी त्याने पॉलिसी बंद केली. पण गप्प बसणं स्वभावात नव्हतं. तो बोटींकडे वळला. तिथे टायर नव्हते! १९३७, १९३८ आणि १९३९ मध्ये त्याने पाण्यावरच्या वेगाचे चार विक्रम केले. शेवटचा १९ ऑगस्ट १९३९ चा, इंग्लंडमधल्या कॉनिस्टन तलावावर, ताशी १४१.७४ मैल. दोन आठवड्यांत दुसरं महायुद्ध सुरू झालं. ३१ डिसेंबर १९४८ ला तो आजारपणात, सरे परगण्यातल्या आपल्या घरी वारला. पॅरी-थॉमस, लॉकहार्ट, सीग्रेव्ह या सगळ्या नावांच्या शेजारी ठेवलं की हे अंथरुणातलं मरण केवढं दुर्मीळ होतं ते कळतं.

माणूस म्हणून तो सोपा नव्हता. तीन लग्नं झाली. घरात धाक असायचा. मुलगा डोनाल्ड त्याच्या सावलीत वाढला आणि बाप गेल्यावर त्याच निळ्या रंगाच्या, त्याच नावाच्या गाड्या आणि बोटी घेऊन उतरला. १९६० मध्ये बोनविललाच त्याच्या गाडीचा भयंकर अपघात झाला, कवटीला इजा झाली, तरी तो परतला. ऑस्ट्रेलियातल्या लेक एअर या मीठागरावर पावसाने वर्षभर रडवल्यावर, १७ जुलै १९६४ ला, ओलसर मिठात चाकं रुतत असताना त्याने दोन्ही दिशांना अगदी एकच आकडा काढला, ताशी ४०३.१ मैल. त्या गाडीचं एकेक चाक ५२ इंच व्यासाचं होतं आणि टायर बापाच्याच कंपनीचे, डनलॉपचे. ४ जानेवारी १९६७ ला कॉनिस्टन तलावावर, जिथे बापाने शेवटचा विक्रम केला होता तिथेच, ३०० मैलांच्या आसपास डोनाल्डची बोट हवेत उलटली. पाण्यावरही दोन फेऱ्यांचाच नियम असतो. पहिली फेरी करून तो फारसा न थांबता, आपल्याच बोटीने उठवलेल्या लाटा निवायच्या आत, दुसऱ्या फेरीला निघाला होता.